दुसरा घाणा

"दुसऱ्यांदा सोडताना तेल किती तापलेलं हवं, फादर? तिथंच माझं कुठंतरी चुकतंय."

जोएल मच्याडोने हे विचारलं तेव्हा फादर इनास ओट्याशी स्टुलावर बसून लसूण सोलत होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी क्युबातल्या एका गावच्या चर्चमध्ये काढली होती. म्हातारपणी वसईला परतले ते तिथली रांधायची रीत हातात घेऊन. जोएल सवड काढून त्यांच्याकडे शिकायला यायचा.

आज तो तोस्तोनेसवर अडला होता. कच्च्या केळ्याचे जाड तुकडे एकदा तळायचे, वाटीने दाबून चपटे करायचे, पुन्हा तळायचे. घरी पाहुणे जमले की तो हेच करायचा. हात चांगला होता त्याचा. आणि ते त्याला पुरतं ठाऊक होतं.

"चुकतंय असं कोण म्हणालं?" फादरनी विचारलं.

"कोणीच नाही. आईच्या वाढदिवसाला सगळ्यांनी वाखाणले. पण या रविवारी अगदी तसेच व्हायला हवेत."

"का?"

जोएलने कढईत तुकडे सोडले. मग हळूहळू बोलू लागला.

आईच्या वाढदिवसाला मस्कतहून बस्त्याव आला होता, त्याचा थोरला भाऊ. वडिलांच्या मयतीला दोघांचं बिनसलं, तेव्हापासून बोलणं नव्हतं. त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं, आणि बस्त्याव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"जोएल, बाहेर ये ना जरा. बसू."

"आलोच दादा. एवढा घाणा काढतो."

बस्त्याव गेला. थोड्या वेळाने पुन्हा आला.

"अजून आहे?"

"हा दुसरा घाणा. गरमच खायला हवेत रे."

बस्त्याव तिथंच उभा राहिला, भावाच्या हाताकडे बघत. मग त्याने ताटातला एक तुकडा उचलून खाल्ला, "छान झालंय," म्हणाला आणि वळला. जोएल ताट भरून बाहेर आला, तेव्हा बस्त्यावची विमानतळावर जाणारी टॅक्सी निघून गेली होती.

पावसाळा सरता सरता मस्कतहून निरोप आला. झोपेतच गेला बस्त्याव.

"रविवारी वहिनी येतेय, मरिसाला घेऊन," जोएल म्हणाला. "पोरगी फोनवर विचारत होती... काका, पप्पा त्या संध्याकाळी तुमच्याशी काय बोलले?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं... त्याला तोस्तोनेस आवडले."

फादरनी लसूण बाजूला ठेवला. उठले आणि गॅस बंद केला.

"अजून कच्चे आहेत, फादर."

फादरनी झाऱ्याने तुकडे ताटलीत काढले. फुंकर मारून एक तोंडात टाकला आणि शांतपणे चावत राहिले.

"कसे लागतात?" जोएलला राहवलं नाही.

"कच्चे."

दुसरा तुकडा त्यांनी जोएलच्या हातावर ठेवला आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बस."

जोएल बसला. तुकडा तेलकट होता, आतून घट्ट. त्याने तो खाल्ला. कढईतलं तेल निवत गेलं. बाहेर कुणाची तरी सायकल गेली. जोएलला वाटलं, फादर आता काहीतरी बोलतील.

"तो काय बोलायला आला होता?" शेवटी जोएलनेच विचारलं. "दोनदा आला, फादर. दोनदा."

"मला कुठून ठाऊक?"

"तुम्ही धर्मगुरू. काहीतरी सांगा."

फादरनी मान हलवली. नाही.

जोएलने हात पुसले. पुसून झाले तरी पुसतच राहिला.

"तिला मी काय देऊ मग? माझ्याकडे आहेच काय... इतक्या वर्षांत तो कसा झाला होता, कशाला हसायचा, घरी कसा वागायचा... मला माझा भाऊसुद्धा धड माहीत नाही, फादर."

फादर इनासनी ताटली बाजूला सारली.

"मग तिला विचार."