हात आवर

जंगलातले तंटे पाणवठ्याशेजारच्या आखाड्यात मिटत, त्या काळातली ही गोष्ट. एका दांडग्या तरसाने हरणांना पाणवठा बंद केला होता. त्याची खोड मोडायची म्हणून गबाजी अस्वल म्हाताऱ्या भिकूनाना बोक्याकडे मुष्टियुद्ध शिकायला गेला.

नाना म्हणाले, "डावा पाय पुढे, गुडघे सैल. हनुवटी खाली आणि दोन्ही मुठी गालाशी. डाव्याने अंतर चाचपायचं, मग उजवा सोडायचा."

गबाजीने असा ठोसा मारला की मोहाचं झाड हादरलं. हात तसाच पुढे ठेवून तो गळणारी फुलं कौतुकाने बघत राहिला. तेवढ्यात नानांचा पंजा त्याच्या उघड्या गालावर बसला.

"हात आवर!" नाना करवादले. "मूठ गालाशी परत आल्याशिवाय ठोसा पुरा होत नाही."

"मारायला शिकवताय की आवरायला?" गबाजी कुरकुरला, पण रोज घाम गाळत राहिला.

लढतीच्या दिवशी तरस चवताळून अंगावर आलं. गबाजीने बाजूला सरकत डाव्याने त्याला खेळवलं आणि मग उजवा सोडला. तरस कोसळलं. "हरलो," ते कण्हलं, "हरणांना येऊ दे पाण्यावर."

"हाण अजून एक!" आखाड्याभोवती जमलेले सगळे ओरडले. गबाजीची मूठ उगारलेलीच होती. त्याने नानांकडे पाहिलं. नाना निवांत पंजा चाटत होते.

गबाजीने मूठ सावकाश गालाशी आणली.

"आता पुरा झाला," तो म्हणाला आणि तरसाला पाण्याकडे जायला वाट करून दिली.