सुवेणीच्या बांधाची उत्तरपूजा

त्रेतायुग उतरणीला लागले होते, यज्ञ मांडणारे उदंड आणि आवरणारे विरळ झाले होते, त्या काळी विंध्याच्या कुशीत सुवेणी नावाची नदी वाहत असे. सुवर्मा राजाने आपल्या दीर्घसत्रासाठी तिच्यावर पर्वतप्राय शिळांचा बांध घातला आणि त्याच्या रक्षणार्थ दृढबाहू यक्षाला आवाहन करून तेथे बसवले. सत्र संपले, ऋत्विज दक्षिणा घेऊन घरी गेले, राजा स्वर्गी गेला. यक्षाला निरोप द्यायचे मात्र कोणालाच सुचले नाही.

आवाहन केलेल्याला उत्तरपूजेवाचून आसन सोडता येत नाही. त्यामुळे दृढबाहू पिढ्यानपिढ्या बांधावर बसून राहिला. मागे गाळात पाणी कुजे, पुढे कोरड्या पात्रात गाढवे चरत. अंडी घालायला वर निघालेले मासे शिळांवर डोके आपटून परतत. सुवेणी रोज बोल लावी आणि तो ओशाळून दाढी खाजवी. लोक बांधाला शेंदूर फासून नवस बोलत. तुंबलेले पाणी कोणाला पावते, हे त्यालाही उमगले नव्हते.

एकदा खालच्या आश्रमातल्या गाई तहानेने बसल्या, तेव्हा शालंकायन ऋषी पात्रातून चालत वर आले. बांध दिसताच त्यांनी शाप देण्यासाठी कमंडलू उचलला. तो रिकामा होता.

“महर्षे, शाप राहू द्या,” यक्ष हात जोडून म्हणाला. “माझी उत्तरपूजा राहिली आहे. तेवढी उरका, म्हणजे मी सुटलो आणि हीही सुटली.”

“एवढेच? मग आजवर कोणाला सांगितले का नाहीस?”

“जो आला तो मागायलाच आला. मला कोणी विचारले नाही.”

शेंदूरवाले आडवे आले. बांध गेल्यावर नवस कोणाला बोलायचे, ही त्यांची चिंता. नदीला बोला, म्हणून ऋषींनी त्यांना वाटेला लावले. मग अक्षता टाकून त्यांनी माथ्यावरची शिळा किंचित हलवली आणि सवयीने ‘पुन्हा यावे’ म्हणू लागले, तोच यक्षाने त्यांचा हात धरला.

“तेवढे मात्र म्हणू नका.”

ऋषी हसले आणि त्यांनी ते शब्द गाळले. आश्रम वाहून जाऊ नये म्हणून दृढबाहूने आपल्याच हातांनी वरून एकेक थर उतरवला. आधी गढूळ, मग नितळ होत सुवेणी खाली निघाली. गाई उठल्या. मासे तिच्या उलट दिशेने वर निघाले. यक्षाने कंबर सरळ केली आणि मागे वळून न पाहता तो उत्तरेला गेला.

तेव्हापासून पूजा संपल्यावर मूर्ती जागची जराशी हलवतात. सुवेणीच्या काठी मात्र ‘पुन्हा यावे’ अगदी हळू म्हणतात, दृढबाहूच्या कानावर जाऊ नये म्हणून.