फडक्यात मावलेली थंडी

सातपुड्याच्या पायथ्याशी कोळदरे नावाचे लहानसे गाव आहे. दयागीर महाराज हिंडत हिंडत तेथे आले आणि राहिले ते तिथल्या थंडीमुळे, असे जुनी माणसे सांगत. कुणी कारण विचारले की महाराज म्हणत, "जिथं थंडी पडते तिथं शेकोटी पेटते, आणि शेकोटीपाशी माणूस सरकून दुसऱ्याला जागा देतो. मला एवढं पुरे." गावाबाहेर ओढ्याकाठी एका चिंचेखाली त्यांची झोपडी होती आणि झोपडीपुढे मातीचा ओटा.

मुलांनो, थंड हवा जड असते. पाणी जसे उताराने धावते, तशी तीही रात्री डोंगरावरून खाली उतरते आणि खोलगट जागी साचून राहते. कोळदऱ्याचा सगळा हरभरा याच ओढ्याच्या काठाला होता. एरवी त्याला ती थंडी मानवत असे.

त्याच काठाला दगूबाईची एक चिंचोळी पट्टी होती. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. महाराजांपुढे ठेवायला तिच्यापाशी दूध नव्हते की गूळ नव्हता. मग ती काय करी? नवऱ्याच्या जुन्या धोतराचे एक फडके तिने जपून ठेवले होते. ते ती संध्याकाळी हरभऱ्यावर पसरून ठेवी. हरभऱ्याच्या पानांत मुळातच आंबटपणा असतो. रात्री पडलेले दव तो आंबटपणा घेऊन फडक्यात भिनत असे. पहाटे दगूबाई फडके पिळी आणि ती आंब लोटीत घेऊन महाराजांकडे जाई. महाराज ती बरणीत भरून ठेवत. गावात कुणाचे पोट दुखले की त्याला बरणीतली चमचाभर आंब मिळे. तोताराम आबांच्या घरूनही कधीकधी वाटी येई, पण ते आबांना ठाऊक नव्हते.

तोताराम आबा गावातले मोठे शेतकरी. काठावरचे सर्वांत मोठे शेत त्यांचे, आणि ते दगूबाईच्या बांधाला लागूनच होते. एका सकाळी लोटी घेऊन निघालेल्या दगूबाईला त्यांनी हटकले.

"काय गं दगूबाई, हरभऱ्याला धोतर नेसवलंस म्हणे! आता मुंजही करून टाक त्याची!"

बरोबरची माणसे हसली.

"आबा, महाराजांसाठी आंब नेते," ती खाली बघून म्हणाली.

"लोक महाराजांना दूध पाजतात, तू आंबट पाणी पाजतेस. दात आंबले असतील बिचाऱ्यांचे!"

त्या वर्षी पाऊस लवकर गेला होता. ज्वारी हाती लागली नव्हती. साऱ्या गावाची भिस्त हरभऱ्यावर होती. तो गेला तर वर्षभर खायचे काय, हा प्रश्नच होता. पौष लागला आणि उत्तरेचा बोचरा वारा सुटला. तो काही दिवस वाहिला आणि एका संध्याकाळी एकाएकी पडला. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. लोकांना बरे वाटले. महाराज मात्र ओट्यावरून उठून आभाळाकडे बघत राहिले.

"आज हरभऱ्याला एकटं सोडू नका," ते ओट्याभोवती जमलेल्या लोकांना म्हणाले. "ज्याच्याकडे जे पांघरूण असेल ते त्याच्यावर घाला."

महादू नावाचा एक गरीब शेतकरी हात जोडून म्हणाला, "महाराज, घरात पोरं सहा आणि गोधडी एक."

"पोरांवरची काढू नका. ज्याच्याकडे जास्तीची असेल त्यानं आणावी."

आता, घडवंचीवर रजयांची थप्पी होती ती एका तोताराम आबांकडे. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले. आबांनी अंगावरची शाल घट्ट ओढली आणि ते मोठ्याने हसले. "वा महाराज! आज हरभरा रजई मागतो, उद्या गादी मागेल! चला रे घरी, गारठा वाढतोय." आबाच हसले म्हटल्यावर बाकीचेही हसले आणि आपापल्या घरी गेले.

दगूबाई तेवढी राहिली. हातात फडके.

"माय, तुझी पट्टी झाकून झाली की काय करशील?" महाराजांनी विचारले.

"शेजाऱ्याची झाकीन."

"आणि मग?"

"त्याच्या शेजाऱ्याची. फडकं एवढंसं आहे महाराज, पण लेकरं चार आणि गोधडी एक असली तर माय काय करते? सरकवत राहते."

महाराजांचे डोळे पाणावले. त्यांनी ते फडके हातात घेतले, कपाळाला लावले आणि परत दिले. "मग सरकवत राहा, माय. कमी पडणार नाही."

दगूबाई निघाली. फडक्याची दोन टोके धरून ती हरभऱ्याच्या शेंड्यांवरून ते हळूहळू ओढत चालली. आपली पट्टी झाली, महादूची झाली, पलीकडची झाली. पाय बधिर झाले, बोटे वळेनात. एवढे सारे शिवार एका बाईच्या पायांखालून कसे सरले, हे पुढे तिलाही सांगता येत नसे. शेवटी उरले फक्त आबांचे शेत. बांधावर ती थांबली. आबांचे हसणे तिच्या कानात अजून होते.

"हरभरा थोडाच हसला होता?" ती स्वतःशीच म्हणाली आणि बांध ओलांडून आत शिरली.

अर्धे शेत झाले होते, पूर्वेला फटफटू लागले होते, तेवढ्यात शाल लपेटलेले आबा समोर उभे राहिले. "माझ्या रानात काय चेटूक चालवलंस? नीघ!"

"आबा, अर्धंच राहिलंय. तेवढं करू द्या, मग हवं तर मारा."

"अर्ध्याचं माझं मी बघेन. तुझ्या चिंधीवाचून माझं अडलेलं नाही!"

ती परत फिरली.

थंडीने पीक जळते, असे शेतकरी म्हणतो तेव्हा शहरातल्या मुलांना नवल वाटते. दव गोठते, पानातला रस गोठून फुगतो, आतून पान फाटते, आणि वर ऊन आले की झाड जाळात धरल्यासारखे काळे पडते. त्या सकाळी शेजारच्या गावांत असेच झाले. कोळदऱ्यात मात्र हरभरा फुलाघाट्यांसह हिरवागार उभा होता. काळे पडले होते ते आबांचे अर्धे शेत. दोरी लावून आखावे तशी मधोमध रेघ होती, आणि रेघेच्या अलीकडे दगूबाईची पावले उमटली होती.

आबा बराच वेळ त्या रेघेपाशी उभे राहिले. मग करपलेली एक डहाळी उपटून ते महाराजांकडे गेले.

महाराज रात्रभर ओट्यावर उघड्या अंगाने बसले होते. त्यांच्या दाढीवर आणि खांद्यांवर पांढरे हिम होते. पुढ्यात दगूबाई रडत होती. तिचे फडके गोठून फळीसारखे ताठ झाले होते.

"आज आंब निघत नाही हो महाराज. रोजची सेवा चुकली."

"महाराज," आबा ओट्याखालूनच म्हणाले, "माझं अर्धं गेलं."

"अर्धं राहिलं, आबा," महाराज म्हणाले.

त्यांनी फडके मांडीवर घेतले. ते मऊ झाले, पण इतके जड की दगूबाईला पिळवेना. "दुसरं टोक धरा, आबा," महाराज म्हणाले. डहाळी बाजूला ठेवून आबांनी टोक धरले. दोघांनी पीळ घातला. आणि काय सांगावे! लोटी भरली, घागर भरली, मागोमाग आलेल्या महादूने धावत जाऊन हंडे आणले, तेही भरले, तरी धार तुटेना! साऱ्या शिवारावर पडायची थंडी त्या धोतराच्या तुकड्याने आपल्या अंगावर घेतली होती.

आबांच्या हातातले टोक गळाले. ते महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला वाकले, तसे महाराजांनी पाय मागे घेतले. "रात्रभर रानात मी नव्हतो, आबा."

आबा वळले. शाल काढून त्यांनी ती दगूबाईच्या खांद्यांवर घातली आणि तिच्यापुढे वाकले. ती बिचारी गडबडून गेली. "अहो आबा, हे काय? आधी हे पाणी रानात न्या, ऊन चढतंय!"

"नेमकं सांगितलंस, माय," महाराज हसून म्हणाले. "वरचं जळलंय, मूळ अजून जिवंत आहे. एकेका झाडाच्या मुळाशी ओंजळभर घाला, आबा. गडी लावू नका."

हरभऱ्याचे झाड गुडघ्याएवढेच असते. वाकल्याशिवाय त्याच्या मुळाशी पाणी घालता येत नाही. तोताराम आबा त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत शेतात वाकत होते, एकेका झाडापुढे. पुढच्या पंधरवड्यात काळ्या काड्यांच्या बुडातून पोपटी फुटवे वर आले.

आणि त्यानंतर पौषात वारा पडला की कोळदऱ्यात आबांच्या घडवंचीवरच्या रजया सर्वांत आधी बाहेर निघत. आधी सहा पोरांच्या महादूकडे, आणि मग ओढ्याकाठी.