वीणेचा लाल रुमाल

खूप जुनी गोष्ट आहे, पण मला अजून तिचा राग येतो. तुम्हालाही यावा म्हणून सांगतो.

एका राज्यात वीणेचं फार वेड होतं. तिथे एक खुळी रीत होती. दरबारी वादक निवडताना आधी प्रत्येकाने आपली बोटं पांढऱ्या रुमालाला पुसायची. रुमाल रक्ताने जितका लाल, तितका रियाज मोठा! वादन नंतर. अकलेचा असा दुष्काळ तिथे पडला होता.

त्या राज्यातल्या एका मुलीला दरबारी वादक व्हायचं होतं. दुसरं काही तिला नकोच होतं. तिच्या म्हाताऱ्या गुरुबाई रोज ओरडायच्या, "अगं, मनगट वाकवू नकोस! हात सैल सोड. दुखलं की थांब, विसावा घे, मग वाजव."

मुलगी म्हणाली, "बाई, तुमचा रुमाल कोराच राहिला, म्हणून दरबाराने तुम्हाला विचारलं नाही. मला तसं राहायचं नाही."

तिने गुरुबाईंचं घर सोडलं आणि एकटीच रियाजाला बसली. मनगट ठणकू लागलं. तिने त्यावर फडकं आवळलं. बोटांना मुंग्या आल्या. तिने दात आवळले. गावकरी म्हणाले, "वा! टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही." बघ्यांचं काय जातं? मनगट दुसऱ्याचं!

दरबार भरला. तिचा रुमाल सगळ्यांत लाल निघाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग तिने वीणा मांडीवर घेतली, तार छेडायला गेली, आणि बोटं वळेचनात. पुन्हा प्रयत्न केला. तार हललीसुद्धा नाही.

राजाने जांभई दिली. "पुढचा कोण?"

गर्दीतून गुरुबाई ताडकन उठल्या. मुलीचा लाल रुमाल राजापुढे आपटून म्हणाल्या, "टाकीचे घाव दगडाला घाला! ही हाडामांसाची पोर आहे!"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. रीत त्या दिवशी मोडली. पण मुलीचा हात काही सुधारला नाही. पुढे तिला स्वतःची वेणीही घालता येईना.

मग ती गुरुबाईंच्या ओसरीवर बसू लागली. शिकायला येणाऱ्या पोरांची मनगटं आधी चाचपायची. एखादं कळवळलं, की त्याच्या हातातली वीणा काढून घ्यायची आणि खेकसायची, "ऊठ! जा, खेळून ये!"

बोध: दुखणाऱ्या हाताचं न ऐकणं हा रियाज नव्हे, माज आहे.