आबा, जरा सरका!

एका गावात एक भोळा भाऊ होता. नाव भिवा. थोरला भाऊ, राणबा, सुगीच्या तोंडावर वारला. भिवानं आईला विचारलं, "दादा कुठं गेला?"

आईनं वर बोट केलं. "ती चांदणी बघ. तिथं आबांच्या शेजारी बसलाय." आबा म्हणजे भिवाचे वडील. ते आधीच गेले होते.

भिवानं बघितलं. "आई, एकच दिसतंय!"

शाळेतल्या गुरुजींकडं दुर्बीण होती. भिवा धावत गेला. डोळा लावला. तरी एकच.

"गुरुजी, तुमची दुर्बीण बिघडलीय."

"बिघडली नाही रे. भिंग लहान आहे. चांदण्या फार जवळ असल्या की त्यांचा उजेड पसरून एकमेकांत मिसळतो. दुर्बीण जितकी रुंद, तितक्या त्या सुट्या दिसतात."

भिवा घरी आला. घरात सगळ्यात रुंद परात. त्यानं छिन्नीनं तिचा तळ काढला आणि त्यातून आभाळ बघत बसला.

आई म्हणाली, "मुडद्या, आता पीठ कशात मळू?"

"कडेकडेनं मळ."

भिवा परात घेऊन शाळेत गेला. गुरुजींनी कपाळाला हात लावला. "अरे, नुसत्या भोकानं काय होतंय? मोठ्या दुर्बिणीत आरसा असतो, आरसा!"

भिवानं सलूनवाल्या यशवंताचा आरसा भिंतीवरून उपसला आणि गुरुजींपुढं आणला. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक मागं पळत आलं. भिवानं आरशात वाकून बघितलं आणि नाचायला लागला.

"दिसला! दादा दिसला!"

"अरे, तो तू आहेस," गुरुजी म्हणाले.

"मग नाक दादाचं कसं?"

गुरुजींनी आरसा गिऱ्हाइकाच्या हातात दिला. मग म्हणाले, "भिवा, नाद सोड. आपल्या दुर्बिणीतून जवळजवळचे दोन एकच दिसणार. एकमेकांपासून लांब असते, तर दोन दिसले असते."

"असं होय!" भिवा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गावात लग्न. भिवा मांडवात पार मागं उभा. मंगलाष्टका संपल्या, अंतरपाट दूर झाला, नवरा-नवरी जवळ आले. भिवाला एकच दिसायला लागलं. तो पाहुण्यांना तुडवत पुढं धावला आणि दोघांच्या मधे घुसला.

"लांब व्हा! एकच दिसताय!"

नवरीची मान खाली होती. तिनं हार घातला. तो भिवाच्या गळ्यात.

नवऱ्याच्या मामानं त्याला बखोटीला धरून गुरुजींपुढं उभं केलं. गुरुजी ओरडले, "गाढवा, माणसांना कसला लांब करतोस? मी वरच्यांचं सांगत होतो!"

"वरच्यांचं होय? मग आधी सांगायचं की!"

दिवेलागणीला भिवा कौलांवर चढला. गळ्यात हार तसाच. खाली सगळं वऱ्हाड गोळा झालं. भिवानं तोंडाशी हात धरले.

"आबा! ओ आबा! जरा सरकून बसा की! दादा दिसत नाही!"

खाली कुणी हसलं नाही. आई अंगणातून म्हणाली, "भिवा, खाली ये रे बाळा."

"थांब गं. आबांना कमी ऐकू येतंय. दादा त्यांच्या कानात सांगतोय. म्हणून तर एवढा जवळ गेलाय!"