दाराशी ठेवलेलं मडकं

फार पूर्वी, राजेसुद्धा मातीच्या मडक्यातलंच पाणी पीत असत, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठी कुंभारांचं एक गाव होतं. मडकं देण्याआधी ते गिऱ्हाइकासमोर बोटानं वाजवून दाखवायचं, ही तिथली रीत. आणि एखाद्याला तडा गेलाच, तर ते लपवायचं नाही. दाराशी उघड्यावर ठेवायचं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं, त्यात दाणे टाकावे, पाखरांनी ते टिपावे.

त्या गावात एक विधवा आई आणि तिचा एकुलता एक मुलगा राहत. आई काळजी करण्यात पटाईत. पोरगा माती आणायला नदीवर गेला, तरी ती दोनदा दारात येऊन बघायची.

एके दिवशी जरीचा फेटा बांधलेला एक परका माणूस गावात आला. म्हणाला, "समुद्रापलीकडच्या राज्यात कुंभारच नाहीत हो! लोक ओंजळीनं पाणी पितात. राजानं मला कारागीर न्यायला धाडलंय. नावेत जागा तेवढी आधी धरावी लागते."

जागेसाठी कुणी शेळी दिली, कुणी तांब्याचा हंडा. आईनं पायांतले चांदीचे तोडे काढले.

देण्याआधी तिनं शंभर प्रश्न विचारले. तिकडे थंडी किती? ताक मिळतं का? निजायला घोंगडं देतात ना? फक्त "तिथून परत आलेला एक तरी माणूस दाखव," एवढं म्हणायचं राहिलं. आयांच्या काळजीचं असंच होतं. ती भलत्याच दाराशी पहारा देत बसते.

सोळा पोरं बंदरावर गेली. आठ दिवस थांबली. नावही आली नाही, फेटेवालाही दिसला नाही. पोरं मान खाली घालून घरी परतली.

गावात मात्र कुणी खरं बोलेना. शेजारीण म्हणाली, "आमच्या नातवाला समुद्राचा वारा बाधला." आई म्हणाली, "याचं पोट दुखत होतं, मीच बोलावून घेतलं."

काही महिन्यांनी फेटेवाला विणकरांच्या गावात पोचला. "कुंभारांची पोरं तिकडे तूपभात खातायत," असं सांगू लागला. पण एका विणकरानं त्यातलंच एक पोर आदल्या बाजारात मडकी विकताना पाहिलं होतं. त्यानं शिपाई बोलावले.

न्यायाधीशांनी सगळ्या कुंभारांना बोलावलं. म्हणाले, "हा खोटं बोलला, एवढं दिसतंय. पण यानं लुबाडलं कुणाला? एक तरी फिर्यादी उभा राहू दे. नाहीतर याला सोडावं लागेल, आणि उद्या हा पुढचं गाव गाठेल."

फेटेवाला हसला. "विचारा की! मी कुणाचं काही घेतलंय का?"

सोळा घरं जमिनीकडे बघत राहिली.

आई उठू लागली. मुलगा कुजबुजला, "आई, बस ना खाली. लोक हसतील."

"हसू देत रे राजा," आई म्हणाली. पदर सावरून ती उभी राहिली. "सरकार, मी फसले."

शेजारणीच्या तोंडून निघून गेलं, "अगं, याचं तर पोट दुखत होतं ना?"

"दुखत होतं की, वन्सं. तुमच्या नातवाला वारा बाधला ना, त्याच दिवशी!"

सगळी कचेरी हसली. शेजारीणही हसली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

आई म्हणाली, "तडकलेलं मडकं आम्ही दाराशी ठेवतो, म्हणजे दुसरं कुणी त्यात पाणी भरत नाही. ही फसगत मात्र मी घरात दडवली. आज दाराशी आणून ठेवतेय. या माणसानं माझे तोडे नेले."

"आणि माझा हंडा!" शेजारीण उठली. मग शेळीवाला उठला. बघता बघता सोळाही घरं उभी राहिली.

फेटेवाला तुरुंगात गेला. इथल्या राजानं दवंडी पिटवली, की परमुलखात कामाला माणसं न्यायची असतील, तर तिथून परतलेला माणूस आधी चावडीवर उभा करावा. तोडे परत आले, हंडा परत आला. शेळी तर दोन करडं घेऊन आली.

आई पुढेही काळजी करतच राहिली. पण आता तो एक प्रश्न ती सगळ्यात आधी विचारायची.

तात्पर्य: आपण फसलो हे लाजेनं लपवलं, तर फसवणारा सुटतो; ते उघड सांगितलं, तर पुढच्याचं लेकरू वाचतं.