केरबाच्या नावचा खडा

डोंगराच्या पायथ्याला एक लहानसं गाव होतं आणि त्या गावात गोधड्या शिवणारी एक बाई होती. गावाचं नाव विचारू नका. अशी गावं पुष्कळ आहेत, एकाचं नाव घेतलं की बाकीची रुसतात. बाईचं नाव मात्र सांगतो. तिला सगळे तानूमावशी म्हणत.

जुनी लुगडी, विटलेली धोतरं घेऊन लोक लांबलांबून तिच्याकडे यायचे आणि अंगावर घेतली की सोडवत नाही अशी गोधडी घेऊन जायचे. नवरा लवकर गेला. त्या सुईच्या जोरावर तिनं एकुलत्या एका मुलाला, केरबाला, वाढवलं. केरबा मोठा झाला आणि गावात काम नाही म्हणून शहरात गेला. तिथंच लग्न झालं, मुलगी झाली. आधी वर्षातून एकदा जत्रेला यायचा, गेली पाच वर्षं तेही नाही. नात मावशीनं एकदाच पाहिली होती, तान्ही असताना. रोज संध्याकाळी मावशी एक भाकरी जास्तीची थापायची. शेजारीण विचारायची, "मावशी, ही कुणाची गं?"

"असू दे. कुणी आलं तर," मावशी म्हणायची.

कुणी म्हणजे कोण, ते शेजारणीलाही ठाऊक होतं. सकाळी ती भाकरी गाईला जायची.

आता या गावाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं तुमच्या डोक्यावरून जाईल. गावात मोठी गोष्ट ठरवायची असली की देवळाच्या ओट्यावर दोन मडकी मांडायचे, एक 'हो'चं आणि एक 'नको'चं. वर कापड झाकलेलं. प्रत्येक मोठ्या माणसानं कापडाखाली हात घालून आपला काळा खडा हव्या त्या मडक्यात टाकायचा. आणि जे पोटासाठी परगावी गेले असतील त्यांचाही खडा धरायचा, तो पांढऱ्या गारगोटीचा, आणि तो टाकायचा घरच्यांनी. फार पूर्वी दुष्काळात अर्धं गाव बाहेर पडलं होतं आणि मागे राहिलेल्यांनी गायरान विकून टाकलं. परत आलेल्यांनी जी भांडणं केली त्यातून ही रीत निघाली. चांगलीच होती हो रीत. पण माणसं रीत पाळत राहतात आणि ती कशासाठी घातली ते विसरून जातात, त्याला रीत तरी काय करणार.

एके दिवशी गावात एक शेठ आला. बोलायला मऊ, हसायला मोकळा. त्यानं शाळेला लागून असलेला माळ पाहिला आणि तो त्याला आवडला. पाणी जवळ, रस्ता जवळ. तो गावकऱ्यांना म्हणाला, "शहरातलं प्लॅस्टिक मी इथं आणणार, धुणार, वितळवणार आणि त्याचे दाणे करून विकणार. घरटी एका माणसाला काम देतो. तुमची मुलं शहरात कशाला राबतायत? बोलवा त्यांना परत."

शाळेचे गुरुजी उठले. ते म्हणाले, "शेठ, कचरा आभाळातून पडत नाही. कुठंतरी तो वितळवायला हवाच, हे मलाही कळतं. पण शाळेच्या खिडक्या या माळाकडे उघडतात. वारा तिकडूनच येतो. धुतलेलं पाणी ओढ्यात जाणार, आणि ओढा सगळ्यांच्या दारावरून वाहतो. वस्तीपासून लांब, ओसाड जागा बघा, आम्ही आडवे येणार नाही."

"लांब न्यायचं तर रस्ता करावा लागतो, गुरुजी. तेवढं परवडत नाही," शेठ म्हणाला.

गावात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. बायका पाणवठ्यावर भांडल्या, पुरुष पारावर भांडले. गुरुजी घरोघर फिरले. तानूमावशीच्या घरी आले तेव्हा तिनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं. "पटतंय गुरुजी," ती म्हणाली, आणि खरोखरच तिला पटलं होतं. शाळेतल्या प्रत्येक पोराची पहिली दुपटी तिनंच शिवलेली होती.

पण गुरुजी गेले आणि तिच्या डोक्यात शेठचा तो एकच शब्द फिरू लागला. परत. केरबा परत येईल. सकाळी या दारातून कामावर जाईल, दुपारी जेवायला येईल. ती सुईत दोरा ओवायला बसायची आणि ओवायचं विसरून जायची.

खडे टाकायचा दिवस आला. मावशीच्या एका हातात स्वतःचा काळा खडा होता, दुसऱ्या हातात केरबाच्या नावची गारगोटी. कापडाखाली हात घालून तिनं आपला खडा 'नको'च्या मडक्यात टाकला. पोरांच्या तोंडाकडे पाहून टाकला. मग क्षणभर थांबली आणि केरबाचा खडा 'हो'च्या मडक्यात सोडला. वाटलं, झालं, दोघांनाही न्याय दिला. मनाची समजूत घालायला माणसाला असं काहीतरी लागतंच.

गावातल्या वयानं सगळ्यात मोठ्या माणसानं, आबा पंचांनी, मडकी उपडी केली. 'नको'च्या मडक्यातून काळ्या खड्यांचा ढीग पडला. 'हो'च्या मडक्यातून काळे थोडे आणि पांढरे पांढरेच निघाले. म्हणजे मावशीनं जे केलं तेच घरोघरच्या आयांनी, बापांनी, बायकांनी केलं होतं. मोजले तर 'हो'चे एकोणीस खडे जास्त भरले.

गुरुजी ओट्याकडे बघत म्हणाले, "जे इथं राहतात ते नको म्हणतात. जे इथं राहत नाहीत ते हो म्हणतात."

पडलेला खडा उचलायचा नाही, अशीही गावाची रीत होती. दुसऱ्या दिवशी माळावर चुन्याच्या रेघा पडल्या.

मावशीला दम कुठला धरवतो. तिनं नातीसाठी ठेवणीतल्या लुगड्याची गोधडी बांधून घेतली, लाडू घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं शहराची वाट धरली. केरबाला स्वतःच्या तोंडानं सांगायचं, चल घरी.

विचारत विचारत ती पत्त्यावर पोचली. दोन खोल्या होत्या. ऐन दुपारी खिडक्या बंद, फटींत ओली फडकी कोंबलेली. जळक्या प्लॅस्टिकचा उग्र वास घशाला लागत होता. दार उघडलं ते सून शेवंतानं. तिच्यामागून सहा वर्षांची एक किडकिडीत मुलगी बघत होती आणि बघता बघता खोकत होती. मावशीनं तिला जवळ घेतलं तर हाताला बरगड्या लागल्या.

केरबा कामावरून आला. आईला पाहून तो दारातच थांबला, मग लहान मुलासारखा तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला. मावशीनं त्याच्या केसांतून हात फिरवला. केसांनाही तोच वास होता.

"काय काम करतोस रे बाळा?" तिनं विचारलं. इतक्या वर्षांत हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

"भट्टीवर असतो, आई. प्लॅस्टिक वितळवतो, दाणे करतो. ती काय, समोरच आहे."

मावशीनं फडकी कोंबलेल्या खिडकीकडे पाहिलं. केरबाच पुढे बोलत राहिला, कारण कितीतरी दिवसांत त्याला ऐकणारं असं माणूस मिळालं नव्हतं. "पोरीला इथली हवा सोसत नाही. डॉक्टर म्हणाले, हिला बाहेर काढा. तेव्हा आम्ही ठरवलंय, जूनला हिला तुझ्याकडे आणून ठेवायची. गावच्या शाळेत घालायची. मी रोज हिला सांगतो, शाळेसमोर मोकळा माळ आहे, तिथं कितीही धावलं तरी दम लागत नाही. आई, मला सुद्धा रोज आठवतो तो माळ. तो आहे म्हणून मी इथं टिकलोय."

आता सांगावं लागणारच होतं. मावशीनं सगळं सांगितलं, शेठ, मडकी, काळा खडा, पांढरा खडा. सांगताना तिनं मुलाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

केरबानं मुलीला जवळ ओढून घेतलं. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "टाकलास तो टाकलास. तू सांगशील तर येतो मी, आई. काम तेच, तिथंही तेच करीन. तुझ्याजवळ तरी असेन." मग मुलीकडे बघून हळूच म्हणाला, "पण मग हिला कुठं पाठवू?"

म्हणजे बघा, इतकी वर्षं जे मागितलं ते हातात आलं होतं. मावशीनं फक्त ये म्हणायचं होतं. तिच्या ओठांवर तो शब्द आला होता. दोन दिवस ती तिथं राहिली आणि दोन दिवस तो शब्द तिनं गिळला. निघताना केरबानं विचारलं, "काय करू मग?" तेव्हा ती म्हणाली, "मी आधी गावात जाते. तुझा खडा तुला न विचारता टाकला, तेवढं निस्तरून येते."

गावात आल्यावर गप्प बसणं सोपं होतं. कुणाला काही माहीत नव्हतं. पण मावशी घरी न जाता थेट ओट्यावर गेली आणि तिनं माणसं गोळा करवली. भरल्या गावासमोर ती म्हणाली, "आबा, मी खोटा खडा टाकला. केरबाचा म्हणून टाकला, पण तो केरबाचा नव्हता, माझाच होता. मला पोरगा जवळ हवा होता. मी त्याला विचारलंच नाही." मग तिथं काय पाहिलं तेही तिनं सांगितलं. बंद खिडक्या सांगितल्या, नातीच्या बरगड्या सांगितल्या.

आबा म्हणाले, "तानू, पडलेला खडा उचलत नाहीत."

"माझा मी उचलत नाही. पण ज्याचा त्यानं टाकलाच नाही, तो पडला कसा म्हणायचा?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "मीही नाही विचारलं माझ्या लेकाला." मग आणखी एक बोलली, मग एक बाप बोलला. माना खाली घालून एकेक जण तेच सांगू लागला. साऱ्या गावानं एकच चूक केली होती आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण एकट्यानंच केली.

आबांनी आठ दिवसांची मुदत दिली. परगावच्यांना विचारा आणि ते सांगतील तो खडा टाका. शेठला रेघांवर काम थांबवायला सांगितलं. लोकांनी पत्रं धाडली, वाण्याच्या दुकानातून फोन लावले, काही जण स्वतः जाऊन आले. सगळ्यांनीच 'नको' सांगितलं असं समजू नका. काहींनी 'हो' सांगितलं. एकानं तर निक्षून सांगितलं की मला काम हवं, धूर मी बघून घेईन. त्याच्या आईनं तसाच खडा टाकला. पण बहुतेकांचं म्हणणं एकच होतं. आम्ही जे सोसतोय ते तिकडे नेऊ नका, आम्हाला आठवायला एक जागा राहू द्या.

आठव्या दिवशी पुन्हा मडकी मांडली गेली. तानूमावशीची पाळी आली. हातात केरबाची गारगोटी होती. फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "'नको'त टाक, आई. माळ पोरीला राहू दे." तिनं हात कापडाखाली घातला आणि तसाच राहू दिला. मागची माणसं ताटकळली, पण कुणी घाई केली नाही.

आबा वाकून हळू आवाजात म्हणाले, "तानू, हा खडा टाकलास की केरबा येत नाही. कळतंय ना?"

मावशीचे डोळे वाहत होते आणि तिनं ते पुसले नाहीत. "कळतंय आबा. मला तो यायला हवाय हो. रोज हवाय. पण कधी आलाच, तर यायला गाव तरी हवं."

आणि तिनं खडा 'नको'च्या मडक्यात सोडला.

शेठचा कारखाना माळावर झाला नाही. त्यानं थोडे दिवस आदळआपट केली, मग वस्तीपासून दूर खडकाळ जागा घेतली आणि रस्ताही केला. परवडत नाही म्हणाला होता, पण परवडलं.

केरबा आला नाही. जूनमध्ये तो मुलीला पोचवायला आला, एक रात्र राहिला आणि गेला. पोर शाळेत रमली, माळावर धावू लागली, दिवाळीपर्यंत खोकला गेला. पण दिवेलागणीला ती आजीजवळ उंबऱ्यावर येऊन बसायची आणि विचारायची, "आजी, बाबा कधी येणार गं?" मावशी तिला गोधडीत ओढून घ्यायची आणि म्हणायची, "येईल." आधी त्या घरात वाट बघणारी एक होती, आता दोघी झाल्या.

तात्पर्य: आपल्या माणसाची ओढ खरी असते, पण ती त्याचं मत नसते. त्याच्या वतीनं काही ठरवायच्या आधी त्याला विचारावं, आणि ज्यांचं विचारण्याइतकं वय नाही अशा लेकरांच्या श्वासावर आपली ओढ भागवू नये.